एनडीएचे वय संपले, आता पुढे काय?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मी सातारा जिल्ह्यातील एका गावात राहतो. वय एकोणीस वर्षे आठ महिने. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो, सध्या बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि पहिल्या वर्षापासून एनसीसीत आहे. सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, म्हणजे एनडीएची, लेखी परीक्षा मी दोनदा उत्तीर्ण झालो, पण दोन्ही वेळा एसएसबीतून, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या सेवा निवड मंडळाकडून, परत आलो. पहिल्या वेळी स्क्रीन आउट झालो, म्हणजे पहिल्याच दिवशीच्या चाळणीत गळालो; दुसऱ्या वेळी पाचही दिवस राहून कॉन्फरन्स आउट, म्हणजे शेवटच्या बैठकीत निवड झाली नाही. आता वयोमर्यादा ओलांडली आहे. माझे इंग्रजी कच्चे आहे आणि खेड्यातल्या मुलांना तिथे घेत नाहीत, असे मित्र म्हणतात. पुण्यात एक खासगी क्लास आहे, फी दीड लाख. तिथे राहायचे तर कॉलेज आणि एनसीसी दोन्ही सोडावे लागेल. वडील निवृत्त हवालदार आहेत. ते म्हणतात की क्लासला पैसे देतो, पण त्यापेक्षा अग्निवीर भरतीला उतर. गावात दूध संकलन केंद्राचा हिशेब मी पाहतो आणि मंडळाचे रक्तदान शिबिर गेली दोन वर्षे मीच घेतो, त्यामुळे अभ्यासाला वेळही कमी पडतो. वडिलांनी आयुष्यभर साहेबांना सॅल्यूट केला, एकदा तरी त्यांना साहेबाचा बाप म्हणवून घेता यावे, एवढीच माझी इच्छा आहे. माझ्यात अधिकाऱ्याचे गुण नाहीत असे समजून हा नाद सोडावा का?

प्रिय वाचक,

सर्वात आधी तातडीचे सांगतो. कॉलेज सोडू नका आणि एनसीसी तर मुळीच सोडू नका. पत्रात तुम्ही या दोन गोष्टींचा उल्लेख वाटेतील अडथळे म्हणून केला आहे. प्रत्यक्षात तुमच्यापुढे जे मार्ग उरले आहेत, ते सगळे या दोन गोष्टींवरूनच जातात. एनडीएसाठी अभ्यासक्रम सुरू होतेवेळी वय साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते, त्यामुळे खडकवासल्याच्या एनडीएचा मार्ग तुमच्यापुरता संपला हे खरे आहे. मात्र पदवी हातात आल्यावर, किंबहुना पदवीच्या अंतिम वर्षात असतानाच, कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस म्हणजे सीडीएस परीक्षेला बसता येते. ही परीक्षाही संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. तिच्यातून देहरादूनच्या इंडियन मिलिटरी अकॅडमीत साधारण चोवीस वर्षांपर्यंत आणि चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीत साधारण पंचवीस वर्षांपर्यंत प्रवेश मिळू शकतो. म्हणजे पदवी वेळेवर पूर्ण केलीत, तर तुमच्यासमोर एक नव्हे, चांगल्या पाच-सहा संधी आहेत. आज कॉलेज सोडलेत, तर यातील प्रत्येक संधी तुम्ही स्वतःच्या हाताने पुढे ढकलाल.

एनसीसीचे महत्त्व याहूनही अधिक आहे, आणि ते तुम्हाला कोणी नीट समजावून सांगितलेले दिसत नाही. सीनियर डिव्हिजनची, म्हणजे कॉलेजातील एनसीसीची, तीन वर्षे पूर्ण करून ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत मिळवले आणि पदवीला सर्व वर्षांचे मिळून किमान ५० टक्के गुण असले, तर एनसीसी स्पेशल एंट्रीमधून अर्ज करता येतो. या प्रवेशाला लेखी परीक्षाच नसते. अर्जांची छाननी होते आणि निवडलेल्या उमेदवारांना थेट एसएसबीला बोलावले जाते. शिवाय सीडीएसमधून इंडियन मिलिटरी अकॅडमीत जाणाऱ्यांसाठी ज्या शंभर जागा अलीकडच्या जाहिरातींत असतात, त्यांतील तेरा ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी राखीव असतात. तुम्ही पहिल्या वर्षापासून एनसीसीत आहात, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस हे प्रमाणपत्र तुमच्या हाती असेल. असे असताना, दीड लाख रुपये भरून ते सोडून देण्याचा विचार चालला आहे, हे वाचून मला खरोखर हळहळ वाटली.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो. एसएसबीने दोनदा परत पाठवले याचा अर्थ तुमच्यात अधिकाऱ्याचे गुण नाहीत, असे तुम्ही गृहीत धरले आहे. हे गृहीतक तपासून पाहू. दोन वेळच्या निकालांना तुम्ही एकाच मापाने मोजता, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. पहिल्या दिवशीच्या चाळणीत बुद्धिमापनाची चाचणी असते आणि एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवून चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. मग ती गोष्ट गटापुढे सांगायची आणि सर्वांनी मिळून एक समान गोष्ट ठरवायची. पंधरा-सोळा मुले एकाच वेळी बोलू लागली की ज्याला मध्ये शिरता येत नाही, तो इथे मागे पडतो. दुसऱ्या वेळी तुम्ही ही चाळणी पार केलीत. म्हणजे मधल्या काळात तुमच्यात काहीतरी सुधारले, आणि तेही कोणत्याही क्लासशिवाय सुधारले. पत्रात या प्रगतीची नोंद कुठेच नाही.

चाळणीनंतरच्या दिवसांत तीन वेगवेगळे परीक्षक तुमच्याकडे तीन बाजूंनी पाहतात. मानसशास्त्रज्ञ तुम्हाला प्रत्यक्ष भेटत नाही. तुम्ही लिहिलेले तेवढे वाचतो. त्यात अकरा चित्रे आणि एक कोरी पाटी मिळून बारा गोष्टी असतात, पंधरा-पंधरा सेकंदांना एक याप्रमाणे साठ शब्दांवरील प्रतिक्रिया असतात, तीस मिनिटांत साठ प्रसंगांची उत्तरे असतात आणि स्वतःविषयीचे लेखन असते. गटकार्य अधिकारी मैदानावर, फळ्या-दोर-बल्ल्यांच्या साहाय्याने अडथळे पार करताना, तुम्ही इतरांशी कसे वागता ते पाहतो. मुलाखत घेणारा अधिकारी तुम्ही भरून दिलेल्या वैयक्तिक माहितीपत्रकावरून तुमचे घर, शाळा, मित्र, गुण, छंद, दिनक्रम यांविषयी सलग प्रश्न विचारतो. पाचव्या दिवशीच्या कॉन्फरन्समध्ये हे सगळे एकत्र बसून आपापली निरीक्षणे पडताळतात. जबाबदारीची जाणीव, सहकार्य, पुढाकार, निर्णयाचा वेग, चिकाटी अशा पंधरा गुणांवर त्यांची नजर असते, आणि तिन्ही बाजूंनी एकाच माणसाचे चित्र उभे राहते आहे की नाही, याला फार महत्त्व असते. तसे चित्र त्या पाच दिवसांत उभे राहिले नाही, एवढेच तुमच्या निकालातून निघते. तुम्ही माणूस म्हणून कोण आहात याचा तो अखेरचा निवाडा असता, तर वय आहे तोवर पुन्हा पुन्हा येण्याची मुभा उमेदवारांना कशाला दिली असती?

तुमच्या बाबतीत हे चित्र का उभे राहिले नसावे, याचा अंदाज मला तुमच्याच पत्रातून येतो. दूध संकलन केंद्राचा हिशेब आणि रक्तदान शिबिर यांचा उल्लेख तुम्ही अभ्यासाचा वेळ खाणाऱ्या गोष्टी म्हणून केला आहे. जरा थांबून पाहा. एकोणीस वर्षांच्या मुलावर गावातले लोक रोज पैशांचा व्यवहार विश्वासाने सोपवतात. फॅट कमी लागले म्हणून एखादा शेतकरी तावातावाने भांडायला येतो तेव्हा त्याला शांत करून नोंद दाखवावी लागते. शिबिरासाठी रक्तपेढीशी बोलणे, जागा, खुर्च्या, नाश्ता, ऐनवेळी माघार घेणारे दाते या सगळ्याची तजवीज तुम्ही करता. निवड मंडळ ज्याला संघटनक्षमता आणि जबाबदारीची जाणीव म्हणते, ते हेच आहे. माहितीपत्रकात छंद आणि जबाबदाऱ्या यांच्या रकान्यांत तुम्ही हे लिहिले होते का? की सगळेच लिहितात म्हणून वाचन, ट्रेकिंग आणि क्रिकेट लिहून मोकळे झालात? मुलाखतीत या कामांतील अडचणी, चुका आणि त्यांतून काढलेले मार्ग तुम्ही सांगितलेत का? चित्रावरील गोष्टीत तुमचा नायक दहशतवाद्यांना पकडणारा होता, की एखादे रखडलेले काम चार माणसांना सोबत घेऊन पुरे करणारा? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे एका वहीत लिहून काढा. तुमच्या तयारीचा पहिला टप्पा हाच असायला हवा, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

खेड्यातल्या मुलांना घेत नाहीत, या समजुतीबद्दल थोडे मागे जाऊन सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीपर्यंत ब्रिटिश सैन्यात अधिकारी मुख्यतः छोट्या मुलाखतीवर निवडले जात, आणि अशा मुलाखतीत घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब यांना आपोआप वजन मिळे. असे निवडलेले अनेक जण प्रशिक्षणात टिकेनात, तेव्हा १९४२ मध्ये तिकडे मानसशास्त्रीय चाचण्या आणि गटकार्यांवर आधारलेली निवड मंडळे आली, आणि १९४३ मध्ये ती पद्धत भारतातही सुरू झाली. आजची एसएसबी तिचीच वारस आहे. एखाद्या परीक्षकाच्या मनात कधी पूर्वग्रह नसतोच, असे मी म्हणणार नाही; माणसे आहेत, तिथे तेही असते. पण तीन परीक्षकांनी स्वतंत्रपणे पाहून मग एकत्र बसायचे, ही रचनाच असा पूर्वग्रह कमी व्हावा म्हणून केलेली आहे. मित्रांच्या म्हणण्यावर विश्वास ठेवण्यातला खरा धोका असा की, निकाल आधीच ठरलेला आहे असे एकदा मनाने घेतले की माणूस तयारीत काय बदलायचे ते शोधतच नाही.

इंग्रजीचा मुद्दा मात्र मी तसा सोडणार नाही, कारण तो खरा आहे. एसएसबीत व्याकरणाची परीक्षा घेत नाहीत, तुटके पण स्पष्ट इंग्रजी चालते, अडल्यास हिंदीचा आधारही घेता येतो. तरीही पंधरा सेकंदांत शब्दावर वाक्य लिहायचे आणि मनातल्या मनात मराठीतून भाषांतर करत बसायचे, हे जमत नाही. विचार चांगला असूनही कागदावर अर्धवट उतरतो. गटचर्चेतही वाक्य जुळवण्यात वेळ गेला की मुद्दा दुसराच कोणीतरी मांडून जातो. म्हणून रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी बातमी वाचणे, त्यानंतर तीच बातमी न पाहता तीन मिनिटे उभे राहून सांगणे, आणि आठवड्यातून दोनदा एनसीसीतील मित्रांसोबत एखाद्या विषयावर इंग्रजीत चर्चा करणे, एवढे वर्षभर न चुकता करा. एसएसबीच्या मैदानावर तीन मिनिटांचे छोटे भाषण द्यावेच लागते, त्याची तयारी यातच होऊन जाईल. सीडीएसमध्ये इंग्रजीची १०० गुणांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते, तिलाही हीच सवय उपयोगी पडेल. दिवसभरातल्या दोन-तीन घटना रात्री इंग्रजीत लिहून काढल्या तर आणखी उत्तम. त्या घटना दूध केंद्रावरच्याच असू द्या.

लेखी परीक्षेबद्दल थोडक्यात. एनडीएला गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६०० अशा ९०० गुणांची लेखी असते आणि एसएसबीही ९०० गुणांचीच. अंतिम यादी दोन्हींच्या बेरजेवर लागते. सीडीएसमध्ये इंडियन मिलिटरी अकॅडमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित असे तीन पेपर मिळून ३०० गुण असतात. ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीसाठी गणित वगळून २०० गुण. गणिताची पातळी दहावीची असते, पण वेळ कमी आणि चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण वजा, त्यामुळे अंदाजाने गोल रंगवणे महागात पडते. तुम्ही लेखी दोनदा पार केली आहे, त्यामुळे इथे मला तुमची फारशी काळजी वाटत नाही. फक्त ‘उत्तीर्ण झालो, पुरे’ असे म्हणून थांबू नका. एसएसबीने शिफारस केलेली, वैद्यकीय तपासणीतही पात्र ठरलेली मुले कधीकधी थोड्या गुणांसाठी अंतिम यादीबाहेर राहतात, आणि ते थोडे गुण लेखीतच मिळवता आले असते.

क्लासविषयी विचाराल तर माझे मत स्पष्ट आहे. चांगला मार्गदर्शक चाचण्यांचे स्वरूप समजावून देतो, मैदानावरील कामांचा सराव करून घेतो, तुमच्या बोलण्यातील उणिवा दाखवतो. हे उपयोगाचे आहे आणि त्यासाठी दोन-तीन आठवडे पुरतात. वर्षभर घर सोडून राहण्याची त्याला गरज नाही. साचेबंद गोष्टी आणि ठरलेली उत्तरे पाठ करून घेणारा क्लास मात्र तुमचे नुकसानच करील, कारण पाठ केलेला नायक कागदावर धाडसी असतो आणि त्याच दिवशी मैदानावर तुम्ही संकोचून मागे उभे असता. परीक्षकांना ही विसंगती लगेच दिसते. निवडीची हमी देणाऱ्या कोणाच्याही हातात वडिलांची पुंजी देऊ नका. अशी हमी देण्याचा अधिकार निवड मंडळाबाहेर कोणालाही नाही.

आता वडिलांकडे वळू. अग्निवीर व्हा, असे ते सुचवतात त्यामागे त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा अनुभव आहे. पण त्यांची भरती झाली तेव्हाचे सैन्य आणि जून २०२२ नंतरची भरती यांत मोठा फरक पडला आहे. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते, त्यांतील जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते, उरलेल्यांना सुमारे ११.७१ लाख रुपयांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन मिळत नाही. हे आकडे घेऊन वडिलांसोबत शांतपणे बसा. सैनिकांमधून अधिकारी निवडणारे आर्मी कॅडेट कॉलेज देहरादूनला आहे आणि तिथून अनेक उत्तम अधिकारी घडले आहेत; पण अधिकारी होण्याचा जवळचा रस्ता म्हणून सैनिक व्हायचे, असा हिशेब मांडू नका. सैनिकाचे काम ज्याला मनापासून करायचे आहे त्याने अग्निवीर व्हावे. अधिकारी होता आले नाही म्हणून नाइलाजाने तिकडे गेलात, तर तुमच्यावरही आणि त्या कामावरही अन्याय होईल.

यासोबत एक नाजूक गोष्ट विचारतो. वडिलांना साहेबाचा बाप म्हणवून घेता यावे, ही इच्छा मी समजू शकतो. जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो, अशी अपशिंगे मिलिटरीसारखी गावे तुमच्याच जिल्ह्यात आहेत, आणि तिथे पदाची किंमत लहान मुलालाही कळते. पण या इच्छेत वडिलांचे हवालदारपण हे काहीतरी कमी होते, असा सूर नकळत आला आहे का, ते तपासा. मुलाखतीत ‘अधिकारी का व्हायचे आहे’ हा प्रश्न कोणत्या ना कोणत्या रूपात येतो, आणि ज्या उमेदवाराच्या मनात ते पद म्हणजे कोणाच्या तरी वरचे स्थान असते, त्याचे उत्तर तोकडे पडते. लेफ्टनंट होऊन युनिटमध्ये पोहोचाल, तेव्हा तुमच्या हाताखाली वडिलांच्याच वयाचे, अनुभवाने तुमच्यापेक्षा मोठे सुभेदार आणि हवालदार असतील; पहिल्या वर्षात बहुतेक गोष्टी तुम्ही त्यांच्याकडूनच शिकाल. चांगला तरुण अधिकारी कसा असतो आणि जवानांच्या मनातून कोणता उतरतो, हे तुमच्या वडिलांनी वर्षानुवर्षे जवळून पाहिले आहे. त्यांना हे कधी विचारले आहे का? एका संध्याकाळी विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. पुण्यातला कोणताही क्लास तुम्हाला हे सांगू शकणार नाही.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. मुलींना एनडीएची परीक्षा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर खुली झाली, त्यांची पहिली तुकडी २०२२ मध्ये खडकवासल्यात दाखल झाली आणि मे २०२५ मध्ये १७ मुली तिथून प्रशिक्षण पूर्ण करून बाहेर पडल्या. त्यामुळे ‘हे मुलींचे क्षेत्र नाही’ असे म्हणणाऱ्या पालकांनी आता हा विचार बदलावा. कला आणि वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना एनडीएच्या लष्करी विभागासाठी अर्ज करता येतो, फक्त गणिताचा पेपर त्यांनाही द्यावाच लागतो. घरात दहावीला असलेला मुलगा असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील शासनाच्या सेवापूर्व शिक्षण संस्थेची माहिती जरूर घ्या. १९७७ पासून ती अकरावी-बारावीच्या मुलांना एनडीएसाठी तयार करते आहे, आणि मुलींसाठी अशीच संस्था आता नाशिकला सुरू झाली आहे. चष्मा, सपाट तळवे, गुडघे, कान, वजन यांबाबत शंका असेल तर अभ्यासाला लागण्यापूर्वीच सैन्यातील वैद्यकीय निकषांची माहिती असलेल्या डॉक्टरांकडून तपासून घ्या, कारण यातील काही उणिवा उपचाराने दूर होतात आणि काही होत नाहीत.

पुन्हा तुमच्याकडे. तिसऱ्या वर्षात गेलात की सीडीएसच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा आणि अंतिम वर्षाचा विद्यार्थी म्हणून अर्ज करा. त्याच वर्षी ‘सी’ प्रमाणपत्राची परीक्षा द्या. एनसीसी स्पेशल एंट्रीची जाहिरात वर्षातून दोनदा येते, तीही सोडू नका. पदवीला ५० टक्क्यांची अट आहे म्हणून पन्नासावर थांबू नका. साठ टक्क्यांच्या पुढे राहिलात तर एमएस्सी, बँक किंवा राज्यसेवा यांचे मार्गही खुले राहतील, आणि मागे दुसरा आधार आहे या जाणिवेने एसएसबीत तुम्ही अधिक मोकळे वागाल. प्रयत्नांना एक मर्यादाही आजच ठरवून ठेवा. माझ्या मते पंचविसावे वर्ष लागेपर्यंत, नोकरी किंवा पुढचे शिक्षण चालू ठेवून, जितक्या वेळा बोलावतील तितक्या वेळा जावे. मात्र दर वेळी परत आल्यावर काय घडले ते आठवड्याच्या आत लिहून ठेवावे आणि पुढच्या वेळेपूर्वी त्यातील निदान एक गोष्ट बदललेली असावी. काहीच न बदलता केवळ तारखा वाढवत राहण्याला मी प्रयत्न म्हणणार नाही.

आणि ज्या तयारीसाठी तुम्ही दीड लाख मोजायला निघाला होता, त्यातील उपयोगाचा भाग तुम्हाला विनामूल्य मिळू शकतो. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचे छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. तिथे महाराष्ट्रातील युवक-युवतींना एसएसबीचे प्रशिक्षण निवास आणि भोजनासह मोफत दिले जाते. सीडीएस किंवा एनडीएची लेखी उत्तीर्ण झालेले, तसेच ‘ए’ किंवा ‘बी’ श्रेणीतील ‘सी’ प्रमाणपत्र असलेले आणि एनसीसीकडून एसएसबीसाठी शिफारस झालेले उमेदवार त्यासाठी पात्र असतात. निवडीसाठी आधी मुलाखत होते. याची चौकशी साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायची असते. माजी सैनिक म्हणून तुमच्या वडिलांना ते कार्यालय परके नसणार, तेव्हा याच आठवड्यात त्यांना सोबत घेऊन तिथे जा, पुढील वर्गाच्या तारखा आणि लागणारी कागदपत्रे लिहून आणा, आणि त्यानंतरच क्लासला काय उत्तर द्यायचे ते दोघांनी मिळून ठरवा.